अंगठ्याएवढें मुखपृष्ठ

मासिकाचा अंक हातीं आला म्हणजे वाचकाची दृष्टि प्रथम मुखपृष्ठावर जाते, आणि आंत काय असेल याविषयीं तो मनाशीं कांहीं एक अटकळ बांधतो. ही अटकळ खरी ठरली तर तो संपादकाचा मित्र होतो. खोटी ठरली तर पुढल्या वर्षीं वर्गणी पाठवीत नाहीं. हा व्यवहार इतका जुना व अंगवळणीं पडलेला आहे कीं, त्यावर स्वतंत्र लेख लिहावा असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. परंतु गेलें वर्षभर आमच्या ताडकळसच्या घरांत एका मुखचित्रावरून जी चर्चा, जे वाद आणि क्वचित् जे रुसवेफुगवेहि झाले, ते पाहतां या लहानशा गोष्टींत केवढें प्रकरण दडलेलें आहे हें आमच्या प्रत्ययास आलें. तें चित्र पुस्तकाचें नव्हे, मासिकाचेंहि नव्हे. एका व्हिडिओ गेमचें आहे.

हा शब्द वाचतांच आमच्या पिढीचे कित्येक वाचक पान उलटतील, हें आम्ही जाणतों. मुलांचा अभ्यास बुडविणारें एक यंत्र, यापलीकडे त्या वस्तूशीं आमचाहि परिचय नव्हता. अशा वाचकांस एवढीच विनंति कीं, सोंगट्या आणि गंजिफा यांसहि एके काळीं हेंच दूषण दिलें जात असे, आणि तरीहि आमच्या आजोबांच्या पेटींत गंजिफांचा डाव जपून ठेवलेला होता.

आमच्या मधल्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास एका कंपनींत संगणकाचें काम करीत होते. सूनबाई उपयोजित कलेच्या पदवीधर. त्या एका जाहिरातसंस्थेंत चित्रें काढीत. दोन वर्षांपूर्वीं या उभयतांनीं नोकऱ्या सोडल्या आणि तीं पूर्णा तालुक्यांतील या आमच्या गांवीं येऊन राहिलीं. कारण सरळ होतें. वाड्यास भाडें नाहीं, घरीं दूधदुभतें व ज्वारी आहे, आणि मोबाइलच्या मनोऱ्याच्या कृपेनें पुण्यांतलें काम ढाळजेंत बसून करितां येतें. शिल्लक टाकलेल्या पैशांवर स्वतःचा एक खेळ तयार करावयाचा, असा त्यांचा संकल्प होता. मोठ्या कंपनीचें पाठबळ न घेतां, दोनचार माणसांनीं पदरमोड करून जे खेळ बनविले जातात त्यांस 'इंडी' म्हणतात. आम्ही त्यांस घरगुती म्हणतों, आणि आमच्या मातोश्री त्यांस 'पोरांचा उद्योग' म्हणतात. पुतण्यानें हिशेब मांडून ठेवला आहे. येती दिवाळी हीच त्या शिलकेची अखेरची मर्यादा आहे.

खेळ असा. एक मुलगी हातीं पणती घेऊन एका जुन्या बारवेंत उतरते. दर मजल्यावर कोठें झरा बुजलेला, कोठें दगड सरकलेला, कोठें पाणी चढलेलें. तिनें पाण्याची वाट ओळखावी, झरा मोकळा करावा आणि खालच्या मजल्यावर जावें. युद्ध नाहीं, शत्रु नाहीं, कोणी मरत नाहीं. पणती विझूं द्यावयाची नाहीं, एवढीच काय ती चिंता. खेळाचें नांव आम्ही येथें देत नाहीं. घरच्या मालाची जाहिरात या पानांतून करणें शोभणार नाहीं.

हा माल विकावयाचा कोठें, तर 'स्टीम' नांवाच्या दुकानांत. अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीनें तें २००३ सालीं उघडलें. दुकान म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचीं पानें; फळी नाहीं, गल्ला नाहीं. २०१७ पासून तेथें अशी वहिवाट आहे कीं, एका खेळामागें शंभर डॉलर भरले म्हणजे जगांतील कोणीहि आपला माल तेथें मांडावा. परिणाम व्हावयाचा तोच झाला. २०२४ या एका वर्षांत तेथें अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले, म्हणजे रोज सुमारें पन्नास. या गर्दींत ताडकळसच्या दोन माणसांनीं केलेला खेळ परक्या देशांतील गिऱ्हाईकाच्या नजरेस पडावा कसा? त्याच्या नजरेस आधीं खेळ पडतच नाहीं. पडतें तें एक चित्र, आणि तेंहि अंगठ्याच्या नखापेक्षां थोडेंसें मोठें.

आमच्या लहानपणीं पूर्णा स्टेशनावर गाडी थांबली म्हणजे पुस्तकांच्या गाड्यावर दिवाळी अंक मांडलेले दिसत. गाडी सुटेपर्यंत मिनिटें थोडीं आणि वडिलांच्या खिशांत रुपये त्याहून थोडे. त्यामुळें निवड मुखपृष्ठावरूनच व्हावयाची. परंतु तीं मुखपृष्ठें वीतभर लांबीरुंदीचीं होतीं, हातांत घेऊन उलटतां येत होतीं, आणि गाड्यावर अंक फार तर वीसपंचवीस. मडगांवीं जन्मलेले दीनानाथ दलाल यांनीं १९४५ सालीं स्वतःचा 'दीपावली' सुरू केला. त्यांच्या चित्रांतील रंग फलाटाच्या दुसऱ्या टोंकावरून ओळखूं येत, हें आम्ही स्वतः अनुभवलें आहे. आणि ओळखल्यावर जवळ जाऊन पाहण्यासारखेंहि त्यांत पुष्कळ असे. स्टीमवरच्या चित्रापाशीं जवळ जाण्याची सोयच नाहीं. तें आहे तेवढेंच दिसतें, आणि बोट पुढें सरकलें कीं गेलें.

शिवाय तें चित्र एक नाहीं. चित्राचें माप तेथें 'पिक्सेल' म्हणजे प्रकाशाच्या टिंबांत मोजतात. दुकानाच्या पानाच्या माथ्यावर ९२० टिंबें रुंद व ४३० उंच असें एक; यादींत दिसावयाचें तें ४६२ बाय १७४, आणि कित्येक ठिकाणीं तें त्याहूनहि बारीक करून दाखविलें जातें; पहिल्या पानावर झळकलें तर १२३२ बाय ७०६; विक्रीच्या दिवसांत लागतें तें उभें, ७४८ बाय ८९६; आणि विकत घेणाऱ्याच्या स्वतःच्या कपाटांत दिसावयाचें तें आणखी निराळें, ६०० बाय ९००. म्हणजे एकच ओढणी कधीं पदर म्हणून, कधीं फेटा म्हणून, तर कधीं हातरुमाल म्हणून वापरावयाची! सूनबाईंनीं प्रथम मोठें चित्र काढलें आणि मग तें कापून लहान केलें, तेव्हां यादीच्या मापांत उरलें तें मुलीचें कोपर आणि अर्धा दगड.

पण हें पुढचें झालें. आरंभींचें चित्र तर याहून मौजेचें होतें. घरांत एखादी वस्तु तयार होत आहे असें कळलें कीं एकत्र कुटुंबांतील प्रत्येकास तींत आपला वांटा असावा असें वाटतें. आणि तें वाटणें गैर नव्हे. मातोश्रींनीं सांगितलें, बारव आहे तर तेथें देव हवा. कोनाड्यांत गणपति काढ. धाकट्या वहिनी म्हणाल्या, रात्र आहे तर चंद्र कसा नाहीं? कोणी नंदी सुचविला, कोणी नाग. पुतण्यास स्वतःस पाण्याचीं चक्रें दाखवावयाचीं होतीं, कारण तीं जमविण्यास त्यास चार महिने लागले होते. सूनबाई सर्वांत लहान. त्या कोणास नाहीं म्हणाल्या नाहींत. चित्र पुरें झालें तेव्हां त्यांत बारव, मुलगी, पणती, चंद्र, गणपति, नंदी, दोन नाग, तीन चक्रें, वर इंग्रजी अक्षरांत नांव, खालीं देवनागरींत नांव, आणि एका कोंपऱ्यांत 'भारतीय परंपरेवर आधारित' अशी पट्टी, एवढें सर्व होतें. ढाळजेंतल्या भिंतीवर लावलें तर उत्तम शोभलें असतें. मोबाइलवर मात्र तें तपकिरी रंगाच्या चिवड्यासारखें दिसूं लागलें.

आमच्याकडील लग्नपत्रिका वाचकांनीं पाहिल्याच आहेत. आजोबांपासून मामेभावंडांपर्यंत सर्वांचीं नांवें, वर कुलदेवता, खालीं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'. आणि या सर्वांत मुहूर्त कोणता व कार्यालय कोठें, हें शोधावयास चष्मा लावावा लागतो. पत्रिकेचें तें चालतें, कारण ती वाचणारा आपलाच असतो. नांव गळलें तर रुसेल, पण लग्नास येईलच. दुकानांतला परका मनुष्य कोणाचाहि मामा नसतो.

याच सुमारास पुतण्याच्या वाचनांत दुकानाचा एक नियम आला. स्टीमच्या चालकांनीं १ सप्टेंबर २०२२ पासून असें बंधन घातलें आहे कीं, मुखचित्रावर खेळाचें चित्र, खेळाचें नांव आणि असलेंच तर अधिकृत उपशीर्षक, याखेरीज कांहींहि नसावें. परीक्षकांचे तारे नकोत, पारितोषिकांचीं नांवें नकोत, 'स्वस्त' नको, स्तुतीचें वाक्य नको. आमच्या मतें हा नियम करणाऱ्यानें एखादी लग्नपत्रिका नक्की पाहिली असावी. 'परंपरेवर आधारित' ही पट्टी अर्थातच गेली. पट्टीच्या पाठोपाठ सूनबाईंनीं एकेक पाहुणा हळूच बाहेर काढला: आधीं नाग, मग नंदी, मग चक्रें. गणपतीस हात लावण्यापूर्वीं त्या मातोश्रींजवळ जाऊन बसल्या. मातोश्री म्हणाल्या, "देव चित्रांत नसला म्हणून बारवेंतून जातो होय?" खेळांतील पहिल्या मजल्यावरच्या कोनाड्यांत तो अद्याप आहे, आणि तेथें तो चांगला स्पष्ट दिसतो.

येथवर सर्व सुरळीत होतें. खरा पेंच पुढें पडला, आणि तो चित्रकलेचा नव्हता.

आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सर्व अण्णा म्हणतात, यांनीं परभणीस तीस वर्षें पुस्तकांचें व वह्यांचें दुकान चालविलें. गिऱ्हाईकाचा हात कोणत्या कव्हराकडे जातो हें त्यांनीं जन्मभर पाहिलेलें आहे. एके रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं स्टीमवरचे शेंदोनशें खेळ मोबाइलवर पाहिले आणि निर्णय दिला: "ज्याच्या चित्रांत शस्त्र आहे तोच डोळ्यांत भरतो. मुलीच्या हातीं तलवार द्या. आंत तलवार आहे कीं नाहीं हें कोण विचारतो? कव्हर हें माणूस आंत आणण्यापुरतें."

पुतण्या गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आम्हांस कळत होता. दिवाळीपर्यंतची शिल्लक, सुटलेली नोकरी, आणि बापानें तोंडानें न विचारलेला प्रश्न, हीं तिन्ही त्याच्या डोळ्यांपुढें उभीं होतीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें सूनबाईंस तलवारीचें एक चित्र काढावयास सांगितलें. त्यांनीं तें काढलेंहि. आणि खरें सांगावयाचें तर तें फार सुरेख साधलें होतें. पाठीमागें अंधार, वर उगारलेलें पातें, पात्यावर पणतीचा उजेड. ज्यानें पाहिलें त्यानें वाहवा केली. सूनबाई मात्र दोन दिवस कोणाशीं फारशा बोलल्या नाहींत.

मुखचित्रानें आंतल्या मालापेक्षां अधिक बोलावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. अटारी कंपनीचें घरगुती खेळांचें यंत्र १९७७ सालीं अमेरिकेंत निघालें, तेव्हां पडद्यावर दिसत ते केवळ कांहीं चौकोन व रेघा. रणगाडा म्हणजे चार ठोकळे. परंतु त्या खेळांच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांवर क्लिफ स्पॉन या चित्रकारानें रणगाडे, विमानें आणि माणसांचे चेहरे अशा बहारीनें रंगविले कीं, मुलें चित्र मनांत ठेवून ठोकळे खेळत. यास फसवणूक म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पेटीवर युद्ध होतें आणि आंतहि युद्धच होतें. यंत्राच्या अंगीं जें दाखविण्याची शक्ति नव्हती तें चित्रानें पुरें केलें, इतकेंच. कोल्हापुरचे बाबूराव पेंटर यांची गोष्टहि याच जातीची. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा त्यांचा 'सैरंध्री' १९२० सालीं लागला. ते मूळचे चित्रकार. आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें ते स्वतः रंगवीत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चें त्यांचें भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या अत्यंत जुन्या भारतीय भित्तिपत्रकांपैकीं एक मानलें जातें. मूकपट काळा-पांढरा आणि भित्तिपत्रक रंगीत, म्हणजे अतिशयोक्ति होतीच; पण जो राजा भिंतीवर तोच पडद्यावर. आमच्या तलवारीचा प्रकार निराळा होता. ती आंत कोठेंच नव्हती.

याच वादांत पुण्याच्या 'राजी'चें उदाहरण निघालें. श्रुति घोष, अविचल सिंग व इयन मॉड यांनीं स्थापिलेल्या नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यांतील लहानशा मंडळीनें 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ तयार केला. लोकवर्गणी जमविण्याचा त्यांचा प्रयत्न सिद्धीस गेला नाहीं, तरी काम थांबलें नाहीं. १८ ऑगस्ट २०२० रोजीं तो निंटेंडोच्या यंत्रावर आणि त्याच वर्षीं १५ ऑक्टोबरास इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला, आणि त्या वर्षाच्या 'द गेम अवॉर्ड्‌स' या पारितोषिकांत पदार्पणाच्या विभागांत त्याचें नामांकन झालें. अण्णांचें म्हणणें, "पहा, तिच्याहि हातीं त्रिशूळ आहे!" आहेच. पण राजीच्या भावास असुर पळवून नेतात, आणि दुर्गेच्या कृपेनें लाभलेला तो त्रिशूळ घेऊन ती खेळभर लढते. पहाडी चित्रशैलीच्या धर्तीवर रंगविलेल्या भिंती, कथा सांगणाऱ्या छायाबाहुल्या आणि तें आयुध, हें सर्व आंत आहे म्हणून बाहेर शोभतें. आणखी एक गोष्ट सूनबाईंनीं दाखवून दिली, जी आम्हां कोणाच्या ध्यानीं आली नव्हती. नांव केवढें? 'राजी', दोन अक्षरें. नांव लहान असलें म्हणजे अक्षरें मोठीं करितां येतात. आणि उरलेला अर्थ बारीक उपशीर्षकावर सोंपवितां येतो.

वाद मिटला तो मात्र कलेच्या मुद्यानें नव्हे, दुकानदारीच्या मुद्यानें. स्टीमवरचा खेळ घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आंत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर गिऱ्हाईकास तो परत करून पैसे मागतां येतात. पुतण्यानें हें सहज सांगितलें, आणि अण्णा ताठ बसले. परत आलेला माल या गोष्टीचा त्यांस जन्माचा तिटकारा. शाळा सुरू होतांना चुकीचीं पुस्तकें नेणारे पालक आठव्या दिवशीं तीं परत आणून टाकीत, तें दुःख ते अजून विसरलेले नाहींत. सूनबाईंनीं ती संधि साधून, पण पदर सांवरीत, इतकेंच म्हटलें, "अण्णा, तलवार पाहून जो येईल तो तलवारच मागेल. आणि जिला झरे मोकळे करावयास आवडतील, ती तलवार पाहून येणारच नाहीं." अण्णा थोडा वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, "परत येणारा माल मांडूं नये, हें खरें." याहून अधिक त्यांनीं कांहीं कबूल केलें नाहीं. तलवारीचें चित्र त्यांनीं मागून घेतलें असून तें त्यांच्या खोलींत लावलें आहे.

याच दिवसांत पुतण्याच्या एका मित्रानें पुण्याहून, कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून काढविलेलीं आठदहा चित्रें पाठविलीं. 'पायऱ्यांची विहीर, मुलगी, दिवा' एवढें लिहिलें कीं अर्ध्या मिनिटांत चित्र हजर! प्रथमदर्शनीं तीं दिपविणारीं होतीं. पण बारव पाहून आमच्या लक्षांत आलें कीं ही तर राजस्थानांतील आभानेरीची चांद बावडी, त्रिकोणी पायऱ्यांच्या ओळींवर ओळी. आणि त्यांतील दोन जिने चढून कोठेंच जात नव्हते. आमच्या परभणी जिल्ह्यांतल्या बारवा अशा नाहींत. वालूरची बारव पाहावी: गोल, आणि पायऱ्या शंखाच्या वेढ्याप्रमाणें फिरत फिरत खालीं गेलेल्या. जगांत दुसरीकडे क्वचितच मिळणारी वस्तु घरापासून मोटारीच्या वाटेवर असतां, जगांत सर्वांनीं पाहिलेली वस्तु आपल्या दारावर कां लावावी? शिवाय अशा यंत्राचा उपयोग केला असेल तर तसें सांगावें, असा स्टीमचा जानेवारी २०२४ पासूनचा दंडक आहे. सांगण्याची कोणास लाज वाटावी असें नाहीं. पण आंतला प्रत्येक दगड सूनबाईंनीं हातानें काढलेला, आणि दारावरचा तेवढा उसना, हें पुतण्यासच रुचलें नाहीं. यंत्रास आम्ही दोष देत नाहीं. त्यास सेलू तालुक्याची वाट कोणी दाखविली नसेल.

मग दोघें वालूरला जाऊन आलीं. सूनबाईंनीं बारवेच्या कांठावरून, मधल्या वेढ्यावरून आणि तळाजवळून मिळून चाळीसभर रेखाटनें केलीं. वरून पाहिलेल्या रेखाटनांत त्यांस हवें तें सांपडलें: पायऱ्यांचा एकच एक वेढा, पिंपळाच्या पानाच्या देंठासारखा आंत वळत गेलेला, आणि त्याच्या शेवटीं अंधार. त्या अंधारांत त्यांनीं पणतीचा एक पिंवळा ठिपका ठेवला, आणि ठिपक्याजवळ पाठमोरी मुलगी. तोंड दाखविलेलें नाहीं. आम्हीं विचारलें, चेहरा कां नाहीं? त्या म्हणाल्या, "काका, एवढ्याशा जागेंत चेहरा म्हणजे तीळ. पाठ मात्र ओळखूं येते. आणि पाठीमागून पाहिलें कीं पाहणाराहि तिच्याबरोबर खालीं उतरतो." हें उत्तर आम्ही वहींत टिपून ठेवलें आहे.

अक्षरांचा प्रश्न उरला. खेळाचें पूर्वींचें नांव पांच शब्दांचें होतें. तें आतां एका शब्दावर आलें आहे. देवनागरींतच लिहावें असा आमचा आग्रह होता, आणि तो आम्ही सहजासहजीं सोडला नाहीं. सूनबाईंनीं वाद न घालतां तें नांव दोन्ही लिप्यांत यादीच्या मापांत छापून आमच्या हातीं दिलें. देवनागरी अक्षराचें अर्धें बळ शिरोरेखेच्या वर आणि पायाखालीं असतें. वेलांटी, मात्रा, रफार, उकार यांस जागा द्यावी तर मधलें अक्षर खुजें होतें, आणि मधलें अक्षर वाढवावें तर मात्रा छतांत घुसते. रोमन अक्षरें त्या मापांत ठळक उभीं राहिलीं. शिवाय गिऱ्हाईक बहुधा परदेशचें. तेव्हां दुकानांत रोमन, आणि खेळ सुरू होतांच पहिल्या पडद्यावर, भरपूर जागेंत, देवनागरी असा तह झाला. रोमन अक्षरांच्या माथ्यावर मात्र त्यांनीं एक सलग रेघ ओढली आहे, शिरोरेखेसारखी. आणि तीच रेघ पुढें वळून पहिली पायरी होते. आमच्या हट्टाचें एवढें फळ पुरे आहे.

परीक्षेची पद्धत त्यांनीं घरचीच काढली. स्टीमवरचीं दुसरीं अकरा चित्रें घेऊन त्यांत आपलें बारावें मिसळावयाचें, मोबाइलवर एक क्षण दाखवावयाचें आणि झांकावयाचें. मग विचारावयाचें, काय दिसलें? हा प्रयोग शेजारच्या मुलांवर, दूधवाल्यावर, आमच्यावर, आणि मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या मातोश्रींवर झाला. रंग काढून टाकून, केवळ काळ्या-पांढऱ्यांतहि झाला. कारण रंगाविना जें कळत नाहीं तें रंगानेंहि फारसें कळत नाहीं, असें सूनबाईंचें मत आहे. पहिल्या खेपेस एका मुलानें 'गोगलगाय' म्हटलें. वेढा फारच पुरा झाला होता. त्याचा एक बाजूचा कांठ तोडला आणि तेथें एक ढासळलेला दगड दाखविला. दुसऱ्या खेपेस दोघांस 'कान' दिसला. तेव्हां पायऱ्यांच्या कडा धारदार केल्या. तिसऱ्या खेपेस मातोश्री म्हणाल्या, "कोणीतरी पोर खालीं चाललीय. एकटीच. दिवा आहे तिच्याजवळ." आणि क्षणभर थांबून, "पुढें काय होतं तिचं?" पुतण्या उठून अंगणांत गेला. तो बराच वेळ आंत आला नाहीं.

चित्रावर सही असावी कीं नाहीं, हा एक मुद्दा राहतो. दलालांचीं चित्रें असोत कीं रघुवीर मुळगांवकरांचीं, कोंपऱ्यांत त्यांचें नांव असे, आणि कित्येक घरांत त्या नांवाकरितां अंक घेतला जाई. धाकट्या वहिनींनीं नेमका हाच प्रश्न केला: दोन वर्षें जिनें काढलें तिचें नांव चित्रावर कोठें आहे? नियमाप्रमाणें तेथें खेळाच्या नांवाखेरीज दुसरें अक्षर चालत नाहीं. खेळ संपल्यावर जी नामावळी येते तींत तें आहे. पण तेथवर पोहोंचणार किती जण? आम्हांस याचें समाधानकारक उत्तर सुचलें नाहीं, आणि नियम करणाऱ्यांसहि सुचलेलें दिसत नाहीं. वहिनींनीं तो विषय अद्याप सोडलेला नाहीं. सूनबाई हंसून म्हणतात कीं, तळाकडून तिसऱ्या पायरीवर, चौथ्या दगडाच्या खांचेंत कांहीं तरी आहे. आम्ही भिंग घेऊन पाहिलें. खांच आहे खरी, तीं अक्षरें आहेत कीं टाकीचे घाव आहेत हें सांगतां येत नाहीं.

खेळ विक्रीस खुला होण्यापूर्वीं निदान दोन आठवडे त्याचें पान 'लवकरच येत आहे' म्हणून दुकानांत लावावें लागतें. ज्यांस आवडेल ते तो आपल्या इच्छासूचींत टिपून ठेवितात, आणि खेळ निघाला कीं दुकान त्यांस निरोप धाडतें. पुतण्याचा बेत दोन आठवड्यांऐवजीं दोन महिने आधीं पान लावावें असा आहे. आडवीं तिन्ही चित्रें तयार होऊन चढलीं आहेत. उभ्या चित्राचें मात्र अजून जमत नाहीं. वेढा उभ्या चौकटींत बसविला कीं डावीकडील ढासळलेला दगड कापला जातो, आणि दगड ठेवावा तर पणती अगदीं खालच्या कडेला जाऊन विझल्यासारखी दिसते. मुलगी एक पायरी वर घ्यावी असें पुतण्याचें म्हणणें आहे. सूनबाईंच्या मतें ती आतां जेथें उभी आहे तेथून हलवूं नये, दगडच दुसऱ्या बाजूस न्यावा. अण्णांस विचारलें तेव्हां त्यांनीं चष्मा कपाळावर घेऊन दोन्ही नमुने हाताच्या अंतरावर धरले, आणि उद्यां सकाळच्या उजेडांत पुन्हा दाखवा म्हणून सांगितलें.